टायपिंगच्या टेपवरचं हेवी मेटल

आमचं घर वर आणि बाबांचं टायपिंग इन्स्टिट्यूट खाली, त्यामुळे शांतता म्हणजे काय हे मला लग्नानंतर कळलं. इतवारीतली ती गल्ली तशीही बोलघेवडीच. समोर किराण्याची ठोक दुकानं, हमालांच्या हाका, हातठेल्यांची चाकं आणि कोपऱ्यावर तर्रीपोहेवाल्याच्या झाऱ्याची खणखण. या सगळ्यावर कडी करायच्या त्या आमच्या मशिनी. उजाडताच पहिली बॅच बसे. वर आई कढईत मोहरी टाकी आणि खाली खडखडाट सुरू होई. मोहरी तडतडायची थांबे, खडखडाट काही थांबत नसे. ओळ संपली की घंटा वाजे, मग रोलर मागे सरकवल्याचा खर्रकन आवाज. जिन्यातून रिबनच्या शाईचा आणि मशीनच्या तेलाचा वास वर येई, वरून सांबारवडीचा वास खाली जाई, आणि सांबारवडीच्या दिवशी पोरांच्या चुका वाढतात अशी बाबांची कायमची तक्रार होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर, हे पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगून ठेवते. नाहीतर ते वडीवर आमटी ओततील.

बाबांना वेगाचं कौतुक नव्हतं. त्यांना कौतुक होतं सारखेपणाचं. त्या जुन्या मशिनींत एका बोटानं घाई केली की दोन अक्षरांच्या दांड्या एकमेकींत अडकत, आणि ती अडकल्याची खट् बाबांना हॉलच्या दुसऱ्या टोकाला, पाठमोरं असतानाही ऐकू येई. ‘हळू चाल, पण सारखा चाल,’ असं ते न वळताच म्हणत, आणि कोणाला म्हणाले ते त्या पोराला बरोबर कळे. हात सारखा पडावा म्हणून त्यांनी स्वतःची एक युक्ती काढली होती. लग्नाच्या बँडवाल्यांकडून त्यांनी कवायतीच्या चालीची एक धून टेप करून आणली होती. ती लावायची आणि प्रत्येक ठेक्याला सगळ्यांनी एकेक अक्षर मारायचं. पण खरी गोम पुढेच आहे. आमच्या टेपरेकॉर्डरच्या पोटाला एक बारीक भोक होतं, त्याच्या आत एक पेच. घड्याळजीच्या पेचकसानं तो जरासा फिरवला की टेप जरा जोरात पळे. परीक्षा जसजशी जवळ येई तसतसे बाबा कोणाला न सांगता तो पेच फिरवत जात. ‘बैल आणि टायपिस्ट,’ ते आईला सांगत, ‘दोघायले सांगून पळवता येत नाही.’ पोरांना वाटे चाल तीच आहे, आणि बोटं मात्र महिन्यापूर्वीच्या दीडपट पळत असत. टेप पळाली की सूरही चढतो, त्यामुळे परीक्षेच्या तोंडावर त्या बँडची क्लॅरिनेट पिपाणीसारखी वाजायला लागे. क्लॅरिनेट चिवचिवली की आई म्हणे, ‘आली वं परीक्षा,’ आणि दुपारचा चहा वाढवे.

एवढं सगळं मला लहानपणापासून ठाऊक होतं, हे वाचकांनी लक्षात ठेवावं, आणि पुढे माझी फजिती वाचताना जरूर हसावं.

विलासदादा हा माझा आतेभाऊ, जहाजावर नोकरीला. वर्षातून एखाददा नागपूरला उगवायचा, येताना मामासाठी काहीबाही आणायचा. त्या खेपेला त्यानं वापरलेल्या कॅसेटींची एक पिशवीच आणली. ‘मामा, पुसून घ्या अन् तुमची कवायत भरा,’ म्हणाला आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. पुसायचं काम माझ्याकडे. मी तेव्हा कॉलेजात होते, सकाळच्या बॅचेसना बाबांच्या जागी उभी राहायची, आणि घरातला एकुलता एक टेपरेकॉर्डर खाली बाबांच्या टेबलावर असल्यामुळे सगळी कामं खालीच करायची. दुपारी हॉल रिकामा होता. एका कॅसेटवर नाव नव्हतंच. कोणीतरी पेनानं लिहिलेलं पार खरडून टाकलं होतं. पुसण्याआधी आत काय आहे ते बघू म्हणून मी बटण दाबलं.

पहिल्यांदा मला वाटलं, मशीननं टेप खाल्ली. घाईघाईनं झाकण उघडलं, तर टेप ठाकठीक. पुन्हा लावली. आता लक्ष देऊन ऐकलं आणि माझे हात आपोआप टेबलाच्या कडेवर गेले, टायपिंगला बसतात तसे. ड्रम इतके भरभर पडत होते की वेगवेगळे मोजता येत नव्हते, पण एकही ठोका मागेपुढे नव्हता. त्यावर दोन गिटारी, एक करवतीसारखी एकाच जागी घासणारी आणि दुसरी वरखाली धावणारी, मध्येच दोघी मिळून वळण घेत आणि त्या वळणावर कोणाचाही पाय घसरत नव्हता. मध्ये कोणीतरी शेळीसारखं ओरडत होतं. हा गोंगाट आहे असं कोणी म्हटलं असतं तर मी नाही म्हटलं नसतं. पण मी टायपिंगच्या घरातली मुलगी. हॉलभर मशिनी एकदम चालू असताना कुठली चुकतेय हे ऐकायची मला सवय होती, आणि या गोंगाटात कोणीच चुकत नव्हतं. मला ते फार आवडलं. इतकं आवडलं की ती कॅसेट मी पुसली नाही, ओढणीत गुंडाळून पिशवीत ठेवली, आणि बाबांना सांगितलं की एक खराब निघाली.

परवा माझ्या नातीनं तिचे हेडफोन माझ्या कानांवर चढवले. आम्ही आता नागपूरच्या टोकाला बेसाकडे राहतो, आजूबाजूला सगळीकडे बांधकामं, त्यामुळे हेडफोन हे घरातलं एक जरुरीचं भांडं होऊन बसलं आहे. ‘आजी, याला टेक्निकल डेथकोर म्हणतात,’ ती म्हणाली आणि मी केव्हा दचकते ते बघत समोर बसली. मी डोळे मिटून अख्खा अल्बम ऐकला. ड्रमवाल्याचे दोन्ही पाय एका हिशोबात आणि हात भलत्याच हिशोबात, तरी गाठ बरोबर एका जागी पडायची. गिटारवाला डाव्या-उजव्या दोन्ही हातांची बोटं पट्टीवर आपटून सूर काढत होता, आणि त्या धबडग्यात एकेक सूर निवडलेल्या तांदळासारखा सुटा. गाणाऱ्याचा घरघराट थेट बेंबीपासून येणारा, श्वास कुठे घेतो देव जाणे. आणि मग ऐन भरात सगळे एकदम ब्रेक लागल्यासारखे संथ होतात, एकेक घाव मध्ये जागा ठेवून पडतो, आणि बसल्या जागी आपली मान हलायला लागते. नातीनं सांगितलं त्याला ब्रेकडाऊन म्हणतात. मी तिला एवढंच सांगितलं की तिसऱ्या गाण्यात डाव्या कानाकडचा गिटारवाला उजव्याच्या केसभर मागे आहे. तिचा विश्वास बसला नाही. रात्रीच्या जेवणापर्यंत तिनं ते गाणं लावून लावून ऐकलं, आणि मग ताटावरून माझ्याकडे अशी बघत होती की मला भाजी वाढून घ्यायची लाज वाटली.

तर, कॅसेटच्या त्या दिवसांतला सुधाकर. दुपारच्या बॅचला यायचा. त्याचे वडील लग्नाच्या बँडात मोठा ढोल वाजवायचे, तो स्वतः एका ऑर्केस्ट्रात ड्रमसेटवर होता, आणि रेल्वेत क्लार्क व्हायचं म्हणून टायपिंग शिकत होता. एका दुपारी तो लवकर आला तेव्हा ती कॅसेट चालू होती. दारातच थबकला.

‘शैला, हे काय वाजून राहिलं वं?’

‘माहीत नाही. पण सारखं आहे.’

‘सारखं त आहेच. पण हा माणूस आहे का मशीन? याचे पाय ऐक ना. दोन आहेत का चार?’ तो टेपला कान लावून बसला, बॅच सुरू झाली तरी उठेना. बाबा आले तेव्हा आम्ही कवायतीची धून लावून मोकळे झालो होतो, पण सुधाकरचे पाय टेबलाखाली थांबत नव्हते. दुसऱ्या दिवशी येऊन त्यानं जाहीर केलं, ‘हे आपण वाजवायचं. मले एक ढोल कमी पडते, तो बाबूजीचा घेतो.’

गिटार ऑर्केस्ट्राची होती. वाजवणारा मुंबईला पळाला होता, म्हणून ती धूळ खात पडली होती. मला गिटार धरता येत नव्हती. खांद्याला अडकवली की हात अवघडायचे. शेवटी मी ती टेबलावर आडवी ठेवली, टायपिंगच्या खुर्चीत ताठ बसले, मनगटं उचलली आणि दोन्ही हातांची बोटं पट्टीवर आपटायला लागले. सूर निघाले! सुधाकर ओरडलाच. बाबांनी लहानपणी माझ्या करंगळीवर जी मेहनत घेतली होती ती अशी कामाला आली. टेपच्या सुराला सूर लावायचा तर तारा भलत्याच ताणाव्या लागत, आणि बारीक तार फटकन तुटे. सुधाकर म्हणे, ‘फॉरेनच्या तारा मजबूत असते.’ मीही मान डोलवली. तीन सूर चढलेलं गाणं आणि पिपाणीसारखी वाजणारी क्लॅरिनेट यांचा एकमेकांशी काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

गाणारा म्हणून गज्जू आला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या नागपुरात मारबतीची मिरवणूक निघते. वर्षभराची सगळी पीडा त्या मोठ्या पुतळ्याबरोबर गावाबाहेर हाकलायची असते. त्या गर्दीत सगळ्यांच्या वर ज्याचा आवाज जातो तो गज्जू. खोकला, ढेकूण, महागाई, जे काही नकोसं असेल त्याचं नाव तो पोटातून ओरडे आणि अख्खा रस्ता उत्तर देई, ‘घेऊन जा गे मारबत!’ त्याच्या वडलांचं मिरचीचं गोदाम होतं, आमची तालीम तिथेच. बाबांच्या इन्स्टिट्यूटमध्ये कॅसेट ऐकायची, डोक्यात भरायची, आणि धावत गोदामात जाऊन वाजवायची, असा आमचा रिवाज. ऑर्केस्ट्राच्या अ‍ॅम्प्लिफायरला गज्जूनं गणपतीचा फाटका भोंगा जोडला होता, त्यातून गिटार खरखरत निघे, अगदी टेपवरच्यासारखी. ढोल घुमायला लागले की पोत्यांतून मिरचीची धूळ उठे, आणि सुधाकर दोन्ही पाय न थांबवता शिंकायला शिकला.

‘शब्द काय आहे बे यात?’ गज्जूनं पहिल्याच दिवशी विचारलं.

‘कोणाले समजते? इंग्रजी आहे म्हणते,’ सुधाकर म्हणाला.

‘मंग आपले टाकू ना.’ आणि त्यानं मारबतीचे टाकले. फक्त टेपवरच्यासारखं शेळीच्या आवाजात ओरडायचं म्हणून त्याचा गळा बसून जाई. आईला तो आजारी वाटे. ‘बापा, तुह्या घशाले काय झालं रे?’ म्हणून ती त्याला जेठमध चघळायला लावी, आणि आम्हा सगळ्यांसाठी डब्यात पाटवड्या देई. मुलगी तीन मजली पोत्यांच्या गोदामात दोन पोरांबरोबर काय करते, असं शेजारच्या काकूंनी विचारलं तेव्हा आईनं सांगितलं, ‘शिंकते.’

कॉलेजचं गॅदरिंग आलं. सुधाकर आणि गज्जूनं आमचं नाव देऊन टाकलं, आणि मग माझी खरी पंचाईत झाली. मला त्या स्टेजवर बसायचंच होतं. तोवर मी आयुष्यात जे काही केलं होतं ते बाबांनी सांगितलं म्हणून केलं होतं, आणि पुढचंही ठरलेलं होतं. परीक्षा, नोकरी, लग्न, सगळं एकामागून एक ओळीनं. ही एकच गोष्ट माझी मी शोधलेली होती. ती बाबांनी नको म्हटली असती तर मी भांडले नसते, गेलेच नसते, आणि त्याचीच मला भीती वाटत होती. आईनं मला पुढे ढकललं. बाबा रिबन बदलत होते. सगळं ऐकून घेतलं. ऐकताना बोटांवरची शाई पुसत राहिले.

‘मले गाण्यातलं काही समजत नाही,’ ते म्हणाले. ‘हात समजते. रविवारी खाली बोलाव तुह्या पोरायले. मी ऐकतो. हात सारखा पडत असंन त जा. वेडावाकडा पडत असंन त लोकायसमोर बसायचं नाही.’

शनिवारी दुपारी गोदामाच्या दारात आईनं दिलेला डबा घेऊन विलासदादा उभा. सुट्टीवर आला होता. आम्ही वाजवत होतो. तो ऐकत राहिला, मग डबा पोत्यावर ठेवून त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं. हसता हसता त्याला मिरचीचा ठसका लागला, पाणी पाजावं लागलं.

‘अगं, पण इतकं पळत काहून राहिले तुम्ही? कोणी मागे लागलं आहे का?’

‘टेपवर असंच आहे,’ मी म्हटलं.

‘माझ्या टेपवर? कुठं आहे ती?’

ती माझ्या पिशवीतच असे. बाबांनी चुकून पुसू नये म्हणून मी ती घरी ठेवतच नव्हते. विलासदादाजवळ जहाजावरचा छोटा टेप होता. त्यानं कॅसेट त्यात घातली. आणि आम्ही तिघंही पोत्यांवर बसलो ते बसलोच. तीच चाल, तीच वळणं, पण खाली, खोल, जाडजूड. करवत म्हणत होते ती गिटार जात्यासारखी भरडत होती. धावणाऱ्या गिटारीचे मधले बारीक सूर, जे आम्हाला कधी सापडलेच नव्हते, ते एकेक सुटे ऐकू आले. आणि ती शेळी! ती चांगली पुरुषाची घरघर निघाली. गज्जू उभा राहिला. ‘अबे, हा त आपल्या घरचा आवाज आहे!’ त्यानं तिथल्या तिथे पोटातून एक ‘मारबत’ काढून दाखवली. महिनोन्‌महिने त्यानं शेळी होण्यासाठी गळा फोडला होता आणि देवानं त्याला दिलेला आवाजच त्या गाण्याला हवा होता.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेच. बाबांच्या परीक्षेच्या बॅचचा पेच. सुधाकरला समजावून सांगितलं तेव्हा तो आधी रडकुंडीला आला, मग म्हणाला, ‘म्हणजे त्या फॉरेनवाल्यायपेक्षा आपण जोरात वाजवून राहिलो?’ आणि कॉलर ताठ केली. पण आनंद फार टिकला नाही. खऱ्या चालीवर वाजवून बघितलं तर सगळा विचका. बोटं आधी पोचायची आणि ताटकळत उभी राहायची, सुधाकरचे पाय एकमेकांत अडकायचे. वेगात शिकलेला हात सावकाश चालवणं किती कठीण, हे टायपिंग शिकलेल्या कोणालाही विचारा. इकडे गज्जूला आता शेळी होणं मंजूर नव्हतं. रविवार तर उद्यावर.

‘तुम्ही पळा,’ शेवटी गज्जूच म्हणाला. ‘तुम्हाले पळताच येते त पळा. मी मागून येतो. मी पोटातून ओरडलो का थांबा, अन् माह्या चालीनं या. तेवढं तुकडाभर त जमंन?’ तुकडाभर म्हणजे गाण्याच्या एकाच ओळीपुरता संथ ठोका. तेवढाच आम्ही अंधार पडेपर्यंत घोकला.

त्या संध्याकाळी मी बाबांना पेचाचं सांगितलं. ते टेपरेकॉर्डरकडे बघत राहिले, जणू घरच्या माणसानं घात केला. ‘परीक्षेची चाल होती ती,’ म्हणाले. ‘पूर्ण आवळलेली. परीक्षा झाल्यावर सैल करायचं राहूनच गेलं.’ मग माझ्याकडे न बघता, ‘अन् त्या चालीवर तू अख्खं गाणं वाजवते?’ मी हो म्हटलं. ‘उद्या ऐकू,’ एवढंच बोलून ते देवाजवळ दिवा लावायला गेले. मला काहीच अंदाज येईना.

रविवारी सगळ्या मशिनींवर झाकणं होती. बाबा आपल्या खुर्चीत, हातात पेन्सिल, समोर कोरा कागद. परीक्षक बसतात तसे. आई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर. मी तळहात ओढणीला पुसले आणि गिटार टेबलावर आडवी ठेवली. सुधाकरनं काड्या वाजवून चाल दिली आणि आम्ही पळालो. मी बाबांकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं. डावा हात, उजवा हात, वळण, पुन्हा वळण. सुधाकरचे पाय माझ्या बोटांखालीच पडल्यासारखे वाटत होते. मग गज्जू ओरडला, आणि आम्ही एकदम त्याच्या चालीवर आलो. धाड. जागा. धाड. त्या जागेत मला हॉलभर काहीतरी किणकिणताना ऐकू आलं. झाकणांखाली मशिनींच्या घंटा वाजत होत्या. ढोल आणि भोंग्याच्या घुमाऱ्यानं सगळ्या मशिनी अंग झटकत होत्या, प्रत्येक घावाला किण, किण. बाबा उठले. जवळच्या मशीनच्या झाकणावर त्यांनी तळहात ठेवला आणि शेवटचा घाव पडेपर्यंत तसेच उभे राहिले.

गाणं संपलं. बाबांनी कागदाची घडी घातली, खिशात टाकली आणि जिना चढून वर गेले. सुधाकरनं मला खुणेनं विचारलं, काय झालं? मला काय माहीत. आईनं सगळ्यांना जेवायला बोलावलं. गोळाभात केला होता, भातात बेसनाचे गोळे आणि वर चुरचुरीत फोडणीचं तेल. चौघं जेवायला बसलो. गज्जू, जो आमच्याकडे तिसऱ्यांदा भात मागायचा, पहिल्याच वाढीत बोटांनी चिवडत बसला. बाबांनी भातावर तेल घेतलं, गोळा फोडला.

‘डावी करंगळी,’ ते म्हणाले. ‘दुसऱ्या वळणावर उशिरा पडते.’

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ‘म्हणजे जायचं नाही?’

‘असं कोण म्हणते? गॅदरिंगले अजून वेळ आहे ना? रोज सकाळी पहिल्या बॅचच्या आधी माह्यासमोर बस. करंगळी मी पाहतो.’ मग सुधाकरकडे वळून, ‘तुहे पाय चांगले आहेत बापा. टायपिंगले एवढे चांगले हात असते तुहे, त आतापर्यंत रेल्वेत लागला असता.’ आणि गज्जूला म्हणाले, ‘तुह्यात सुधारणा करण्यासारखं मले काही दिसलं नाही.’ हे कौतुक होतं की नाही हे गज्जूला अजून कळलेलं नाही. मात्र त्यानं लगेच भात मागितला.

गॅदरिंगला मी स्टेजवर टेबल-खुर्ची मांडून बसले तेव्हा मागच्या पोरांना वाटलं, मी सभेचा वृत्तांत टाइप करायला आलेय. पहिल्या ओळीतल्या पाहुण्यांनी सुरुवातीलाच कानांत बोटं घातली. काही प्राध्यापक उठून गेले, काही जिद्दीनं बसून राहिले. आमचं पळणं कोणाच्या फारसं पचनी पडलं नाही, हे खरं सांगायला हवं. पण गज्जूनं पोटातून आवाज काढला, ‘पुनर्परीक्षा!’ आणि आम्ही संथ झालो, तेव्हा अख्खा हॉल उभा राहून ओरडला, ‘घेऊन जा गे मारबत!’ पुढे हजेरी गेली, मेसची डाळ गेली, ट्यूटोरियलं गेली. घाव पडतोय, हॉल ओरडतोय. मी मान वर केली. मागच्या भिंतीशी बाबा उभे होते. आजूबाजूच्या सगळ्यांचे हात कानांवर, त्यांचे मात्र पाठीमागे बांधलेले, बॅचमधून फिरताना असत तसे, आणि नजर माझ्या डाव्या हातावर. करंगळी वेळेवर पडली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की पुढच्या दोन सुरांचं मी काय केलं हे मला आठवत नाही. बाबांना मात्र आठवत असणार.

घरी आम्ही दोघं सायकल रिक्षानं आलो. गिटार माझ्या मांडीवर आडवी, बाबांच्या मांडीवर भोंगा. रस्ताभर मी ते दोन सूर आता निघतील, मग निघतील म्हणून वाट बघत होते. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा वळली. बाबांनी भोंगा जरा सावरून घेतला.

‘त्या कॅसेटची एकच बाजू बसवली ना तुम्ही?’ त्यांनी विचारलं. ‘दुसरी केव्हा सुरू करता?’